हाताची खुर्ची

१

वाशीमच्या त्या इंटर कॉलेजात एखाद्या प्राध्यापकाचा खून झाला असता, तरी प्रिन्सिपॉल कारंजकरांनी आधी चहा संपवला असता. त्या सोमवारी मात्र ते चहा अर्धा टाकून लायब्ररीकडे धावले. प्राध्यापक मंडळाची सभा अकराला होती, आणि मंडळाची एकुलती एक हाताची खुर्ची लायब्ररीच्या मधोमध उभी होती. तिला हात नव्हते. दोन्ही बाजूंना सागाची ताजी थोटकं तेवढी शिल्लक होती.

"कापले," कारंजकर म्हणाले. "चक्क करवतीनं कापले."

चौघेही प्राध्यापक थोटकांकडे बघत उभे राहिले. चौघांच्याही चेहऱ्यावर दुःख होतं, आणि त्या दुःखाखाली थोडं समाधान होतं. तर्कशास्त्राचे प्राध्यापक रामकिसन अनसिंगकर यांनी ते समाधान तिघांच्या चेहऱ्यांवर टिपलं. स्वतःचा चेहरा त्यांना दिसत नव्हता.

खुर्चीचं माहात्म्य असं, की मंडळात बाकी सगळ्यांना बिनहाताच्या खुर्च्या, आणि जो सगळ्यांत ज्येष्ठ त्याला हाताची. प्रिन्सिपॉलांची खुर्ची वेगळी, ती ते आपल्या ऑफिसातून आणवत. दिवाळीत जुने ज्येष्ठ प्राध्यापक पेन्शनीत निघाले आणि खुर्ची रिकामी झाली. इंग्रजीचे राजूरकर म्हणाले, ह्या कॉलेजात मी आधी आलो. इतिहासाचे दौलतसिंग म्हणाले, सरकारी नोकरीत मी आधी आलो. तेव्हापासून मंडळाच्या दोन सभा या वादात मोडल्या. एक बसला की दुसरा सभा पुढे चालू द्यायचा नाही. देशात चाळीस साली काय काय ठरत होतं देव जाणे, पण वाशीमच्या कॉलेजात पुढच्या वर्षी काय शिकवायचं ते ठरत नव्हतं.

आणि ठरायला तर हवं होतं. सरकारनं कॉमर्सचा वर्ग मंजूर केला होता, पण वाढीव पगार मंजूर केला नव्हता. कॉमर्सला जागा करायची म्हणजे एक ऐच्छिक विषय बंद करायचा: फारसी नाहीतर तर्कशास्त्र. विषय बंद, म्हणजे त्याचा प्राध्यापकही बंद. फारसीला सादिकमियाँ होते, त्यांच्या वर्गात पोरं खिडकीत बसायची. तर्कशास्त्राला रामकिसन होते, त्यांच्या वर्गात खिडकी मोकळी असायची.

दोघं एकाच दिवशी नोकरीला लागले होते. सादिक गावातलेच, सकाळीच सही करून मोकळे झाले. रामकिसन अनसिंगहून छकड्यानं निघाले, वाटेत बैल बसला, आणि सही दुपारनंतर झाली. त्या अर्ध्या दिवसानं सादिकमियाँ त्यांना कायमचे ज्येष्ठ झाले. रामकिसन त्या बैलाला अजून विसरले नव्हते.

"अनसिंगकर," कारंजकर म्हणाले, "पोलीस बोलावले तर गावभर हसं होईल. तुम्ही तपास करा. तर्कशास्त्राचा काहीतरी उपयोग होऊ द्या. आजची सभा गुरुवारवर टाकतो, तोवर नाव सांगा. ज्याच्यावर आरोप येईल त्याला मंडळात बसता येणार नाही. पाचातले चार हजर असले की सभा होते. आपण विषयाचा निकाल लावून टाकू."

मग दाराशी जाऊन, आवाज खाली आणून ते म्हणाले, "फार लांब जायची गरज नाही हो. करवत फारसीच्या वर्गात सापडली आहे."

२

रामकिसन फारसीच्या वर्गाकडे निघाले तेव्हा त्यांना पावलं हलकी वाटत होती. गणित सोपं होतं. मत देणारे प्राध्यापक चार; प्रिन्सिपॉलांना मत नव्हतं. राजूरकर तर्कशास्त्राच्या बाजूचे. दौलतसिंग फारसीच्या बाजूचे, कारण राजूरकर तर्कशास्त्राच्या बाजूचे होते. दोनास दोन. सादिक गुन्हेगार ठरले की दोनास एक. तर्कशास्त्र वाचलं, आणि तेही तर्कशास्त्रानंच.

वर्गाला कडी नव्हती. कोपऱ्यात सुताराची पेटी उघडी पडली होती. सादिकमियाँ खिडकीशी बसून पेपर तपासत होते.

"या रामकिसनजी, बसा. करवत पाह्यले आले ना? ते पाहा, पेटीवरच हाये."

"तुमच्या भावाची?"

"रऊफची. बाकं दुरुस्त करून राह्यला तो. पेटी रोज इथंच ठेवते. कोनीबी यावं, कोनीबी न्यावं. लपवू कायले?"

"काल तुम्ही कॉलेजात होता?"

"काल इतवार. आसेगावले निकाह होता, सकाळीच गेलो. रऊफबी संगं होता. अर्धं आसेगाव गवाही देईन, पन तुमाले गवाही पाह्यजे का?" सादिकमियाँ हसले. "साहेबानं तुमाले नेमलं, म्हनून मी बिनघोर हाओ. तुमी उलटंसुलटं काही लिहनार नाही."

रामकिसनांना राग आला. माणसानं आपल्यावर संशय घेणाऱ्यावर एवढा विश्वास टाकावा, हे त्यांना सरळसरळ कुरघोडी वाटलं. आपल्याला कोणी असं बोललं असतं तर आपल्याला सुचलं असतं का असं उत्तर? नसतं सुचलं. हेही फारसीमुळेच असणार.

बाहेर व्हरांड्यात ते पाणी प्यायला थांबले. घडवंचीवर दोन माठांची जागा, पण माठ एकच. त्याच्यावर झाकणी नव्हती. पेला तोंडाला लावला आणि जिभेला काहीतरी खरखरीत लागलं. त्यांनी बोटावर घेऊन पाहिलं. लाकडाचा भुसा होता. घडवंचीवर, खाली फरशीवर, सगळीकडे पसरला होता.

पण भुसा तर त्यांनी सकाळी लायब्ररीतही पाहिला होता, खुर्चीच्या अगदी खाली.

एका खुर्चीचा भुसा दोन ठिकाणी कसा?

३

कॉलेजचा शिपाई पुंजाजी मंडळाच्या खुर्च्या ओळीनं मांडत होता.

"पुंजाजी, ती खुर्ची काल बाहेर होती का?"

"व्हती ना. मीच काढली. सभा आली का उन्हात ठेवा लागते, ढेकनं होतात तिच्यात. मोठ्या मान्साईचं रगत प्यालेले ढेकनं, लवकर मरत नाही."

"आत कधी आणलीस?"

"सांजेले. मंग लायब्रीले कुलूप लावलं आन् चाबी राजूरकर साहेबाच्या घरी देऊन आलो. लायब्रीची चाबी त्याह्यच्याचपाशी राह्यते. सकाळी त्याह्यनंच उघडलं."

"आत आणलीस तेव्हा खुर्चीला हात होते?"

पुंजाजीनं खुर्ची खाली ठेवली. "व्हता. एक."

"एक?"

"उजवा व्हता. डावा नोता."

"अरे, मग बोलला का नाहीस कोणाला?"

"मले वाटलं रिपेरीले काढला असन. सरकारी सामान कोनी कापून राह्यलं तं आपुन काहून इचारा? मांगच्या साली भिंत कोनं फोडली म्हून इचारलं, तं मलेच ते लिपा लागली."

रामकिसन लायब्ररीत जाऊन खुर्चीसमोर बसले. म्हणजे डावा हात गेला व्हरांड्यात, दिवसाउजेडी. उजवा गेला लायब्ररीत, कुलपाच्या आत. एकच माणूस आधी एक हात बाहेर कापील, मग खुर्ची आत जाऊ देईल, मग कुलूप उघडून दुसरा कापील, हे होणं नाही. एवढी चिकाटी असलेला माणूस ह्या कॉलेजात प्राध्यापक झाला नसता.

दोन हात, दोन जागा, दोन माणसं.

आणि दोघांनाही एकमेकांचा पत्ता नव्हता.

४

संध्याकाळी ते आधी राजूरकरांकडे गेले. राजूरकर बाहेरच्या खोलीत आपल्या खुर्चीत बसले होते. एप्रिलचा महिना, वाशीमचं ऊन भिंतीतून घरात शिरत होतं, पण त्यांच्या खुर्चीच्या उजव्या बाजूवर काश्मिरी शाल पांघरलेली होती. राजूरकरांनी उजवं कोपर शालीवर टेकवलं होतं. डावा हात मात्र मांडीवर पडला होता.

"फार वाईट झालं," राजूरकर म्हणाले. "कोण्या मत्सरी माणसाचं काम आहे. तुम्हाला म्हणून सांगतो, खुर्ची दौलतसिंगाला जाणार होती."

"कोण म्हणालं?"

"साहेब. शनिवारी, खासगीत. मी म्हटलं, जाऊ द्या. तो माणूस दोन हातांच्या मध्ये मावतो का? बसला तर उठायला रऊफ सुतार बोलवावा लागेल. भर सभेत अडकेल आणि आपोआप न्याय होईल. मी तर वाटच बघत होतो." ते थांबले, आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. "पण काही लोक आधीच बंदोबस्त करून ठेवतात."

"कसला बंदोबस्त?"

"काही नाही. चहा घेणार?"

तिथून रामकिसन दौलतसिंगांकडे गेले. दौलतसिंग दोन बाजा जोडून त्यांवर टेकले होते. देह मोठा, गुडघे गेलेले. वर्गात खडू पडला तर ते तिथंच तास संपवत. अंगणात त्यांची बायको, रुपाबाई, दगडावर धुणं आपटत होती.

"खुर्ची गेली, बरंच झालं," दौलतसिंग म्हणाले. "राजूरकराले देनार होते. साहेबानंच शनवारी सांगतलं मले, गुपचूप. म्हने तुमी मन मोठं करा. अरे, मन मोठंच हाये माह्यं, म्हनून तं दुखते!"

"काल कॉलेजात गेला होता?"

"इतवारी? मी? मले चालवते का तिथवर?"

"गेले नव्हते कसे?" रुपाबाई अंगणातून म्हणाली. "दुपारी पान खाले म्हून गेले आन् हे घेऊन आले." तिनं हातातलं धोपाटणं उंच केलं. रुंद, सपाट, एका टोकाला छान गोलाई. "पह्यल्यांदाच काही कामाचं आनलं यायनं. दोन ठोक्यात मळ निंगते. सागाचं हाये, भाऊजी."

दौलतसिंगांनी डोळे मिटले.

५

घरी येऊन रामकिसन ओसरीवर बसले. सगळं जुळलं होतं, आणि म्हणूनच पंचाईत झाली होती.

व्हरांड्यात हात कापणाऱ्यानं खुर्ची घडवंचीच्या रिकाम्या जागेवर चढवली होती, त्याशिवाय शेजारच्या माठात भुसा पडला नसता. वऱ्हाडात लाकूड कापायचं तर माणूस उकिडवा बसतो आणि पायानं लाकूड दाबतो. उभ्यानं कापतो तो फक्त ज्याला बसता येत नाही तो. राजूरकरला खुर्ची मिळणार, या जळफळाटात दौलतसिंगांनी डावा हात कापला. उजव्याला लागणार, तेवढ्यात कोणाची तरी चाहूल लागली असावी, म्हणून एकच हात घेऊन ते घरी आले.

संध्याकाळी राजूरकर चावी घेऊन लायब्ररीत आले ते खुर्ची डोळे भरून पाहायला. पाहतात तर डावा हात गायब. त्यांच्या मत्सराला एकच अर्थ सुचला: दौलतसिंगानं खुर्ची आपल्या मापाची करून घेतली! आता तो अडकणार नाही, आरामात बसेल. मग त्यांनी फारसीच्या वर्गातून करवत आणली आणि उजवा हातही उडवला. हात नाहीत तर मान नाही. आणि तो उजवा हात आपल्या खुर्चीला लावून, वर शाल टाकून ते घरी एका बाजूनं मान भोगत बसले.

हे सगळं सांगितलं तर? दोघंही मंडळाबाहेर. उरले तीन. चार नाहीत म्हणजे सभा नाही. विषयाचा निकाल नाही. फारसीही राहिली, तर्कशास्त्रही राहिलं, आणि सादिकमियाँही राहिले, खिडकीत बसलेल्या पोरांसकट.

आणि अर्धंच सांगितलं तर? फक्त दौलतसिंगांचं नाव घ्यायचं. धोपाटणं पुरावा, माठ पुरावा. एक अक्षर खोटं नाही. दौलतसिंग बाहेर, चारजण हजर, राजूरकर आणि आपण विरुद्ध सादिक. फारसी बंद. राजूरकर तर जन्मभर उपकार मानतील. खोटं न बोलता एवढं साधणारं प्रमेय रामकिसनांना आजवर कुठल्याही पुस्तकात सापडलं नव्हतं.

ते खूश होऊन जेवायला बसले.

"त्या सादिकमियाँची नोकरी जाते, गाव सोडून जातीन म्हन्ते," त्यांची बायको मनकर्णाबाई भाकरी वाढता वाढता म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"सारं गावच. पोरं म्हन्ते टेसनावर हार घेऊन जाऊ. रहीम दुकानवाला तं आत्ताच डोळे पुसून राह्यला. मेडशीहून, आसेगावहून गाड्या येतीन म्हन्ते. असा मास्तर होनार नाही म्हन्ते पुन्हा."

रामकिसनांचा घास हातात राहिला. "आणि माझी गेली तर?"

"तुमची?" मनकर्णाबाईनं विचार केला. "तुमची गेली तं मले घर आवरा लागन."

त्या रात्री त्यांना झोप लागली नाही. डोळे मिटले की स्टेशन दिसायचं. फलाटावर अख्खं वाशीम, हारांनी झाकलेले सादिकमियाँ, गाडीच्या दारात उभं राहून म्हणतायत, "रामकिसनजी, तुमाले दोष नाही." आणि सगळं गाव वळून रामकिसनांकडे बघतंय. नोकरी टिकली असती, पण त्या फलाटाशी बरोबरी कशी करायची? शिकवत होता तोवर माणूस नुसता लोकप्रिय होता. गेला की पूज्य होईल.

ते त्यांना मुळीच सहन होण्यासारखं नव्हतं.

६

गुरुवारी सभा भरली. हातकापी खुर्ची मध्ये, पाचही जण बाकीच्या खुर्च्यांवर. टेबलावर रामकिसनांनी एक फडक्यात बांधलेली वस्तू ठेवली होती.

"नाव सांगा," कारंजकर म्हणाले आणि त्यांनी सादिकमियाँकडे बघितलं.

"आधी तुम्हाला एक विचारतो, साहेब. शनिवारी तुम्ही राजूरकरांना सांगितलंत की खुर्ची दौलतसिंगांना जाणार. आणि दौलतसिंगांना सांगितलंत की राजूरकरांना."

राजूरकर आणि दौलतसिंगांनी दिवाळीनंतर पहिल्यांदाच एकमेकांकडे पाहिलं.

कारंजकर खाकरले. "दोघांनीही धक्का घरीच पचवून यावा, असा हेतू होता. सभेत वाद नको."

"मग देणार कोणाला होता?"

"तेच ठरवायला मला वेळ हवा होता."

रामकिसनांनी फडकं सोडलं. आतलं धोपाटणं डाव्या थोटकावर ठेवलं. ते खाचेला खाच लागून बसलं. त्याच्या टोकाला अजून साबणाचा वास होता.

"रुपावहिनींना मी दुसरं आणून दिलं आहे," ते म्हणाले.

"माह्या घरात चोरी करता?" दौलतसिंग गरजले. पण उठता येत नसल्यानं गर्जना बसूनच झाली.

माठातला भुसा, घडवंची, उकिडवं न बसता येणारा माणूस, सगळं रामकिसनांनी क्रमानं सांगितलं. राजूरकर मान डोलवत होते. रामकिसनांना खुणावत होते, शाबास, आता थांबा. तिथं थांबलं असतं तर चालण्यासारखं होतं. रामकिसनांना फलाट दिसला. हार दिसले.

"हा झाला डावा," ते म्हणाले. "आता उजवा. राजूरकर, एप्रिलमध्ये तुमच्या खुर्चीला थंडी कशी वाजते?"

राजूरकरांचं उजवं कोपर आपोआप उचललं गेलं, आणि टेकायला काही नाही म्हणून हवेतच राहिलं.

"त्यानं आपल्या मापाची करून घेतली होती!" ते ओरडले. "मी काय बघत बसू?"

"आपल्या मापाची?" दौलतसिंग म्हणाले. "अरे बेइमाना, मी तं तुह्यासाठी कापली!"

दोघांचं भांडण मिटवायला पुंजाजीला पाणी आणावं लागलं. पाण्यात भुसा होता.

कारंजकरांनी बोटं मोजली. तीन. पुन्हा मोजली. पुन्हा तीनच. सभा होऊ शकत नव्हती. सरकारला कळवलं गेलं, की मंडळाच्या अडचणींमुळे दोन्ही विषय पुढलं एक वर्ष चालू राहतील आणि कॉमर्सनं थोडी वाट पाहावी.

बाहेर पडताना सादिकमियाँनी रामकिसनांचा हात धरला. "माहित होतं मले. आसेगावहून आलो, माठातलं पानी प्यालो, तवाच समजलं का उभ्यानं कोनं कापलं. पन मी बोललो असतो तं लोक म्हनले असते, सोताले वाचवून राह्यला. तुमी बोलले, ते खरं झालं."

म्हणजे यालाही कळलं होतं. आणि आधी कळलं होतं! रामकिसनांनी हात सोडवून घेतला आणि घरची वाट धरली.

जुलैत कॉलेज उघडलं. राजूरकर आणि दौलतसिंग यांच्या चौकशीचा कागद नागपूरला गेला होता, म्हणजे तो परत यायची भीती नव्हती. तोवर दोघंही मंडळाबाहेर. दोन हंगामी लेक्चरर त्यांच्या जागी बसले. रऊफनं खुर्चीचे दोन्ही हात सरस लावून, खिळे मारून बसवून दिले होते. जोड दिसतही नव्हता.

आणि कारंजकरांनी जाहीर केलं, की सध्या मंडळात ज्येष्ठ कोण, यावर वाद असण्याचं कारणच नाही. अर्ध्या दिवसाचा का होईना, फरक स्पष्ट आहे.

सादिकमियाँ संकोचत उठले. "बसू ना, रामकिसनजी?"

"बसा, बसा," रामकिसन म्हणाले.

सादिकमियाँ बसले. त्यांनी दोन्ही कोपरं दोन्ही हातांवर टेकवली, हळूच, जणू खुर्चीला दुखेल. त्यांना ती फार शोभून दिसत होती.

सभा संपल्यावर रामकिसन व्हरांड्यातून निघाले. फारसीच्या वर्गाचं दार उघडंच होतं. रऊफ खिळे मारून गेला होता आणि पेटी तिथंच विसरला होता. पेटीवर करवत पडली होती. तिचे दात नुकतेच घासलेले, उन्हात चकचकत होते. रामकिसन तिच्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले.

"पुंजाजी!"

"जी."

"ही करवत रऊफच्या घरी नेऊन दे."

"उद्या देतो ना, साहेब. जातोच मी तिकडून."

"उद्या नाही," रामकिसन म्हणाले. "आत्ता ने. माझ्यादेखत."